अमेरिकेवर लिहायला निघालेल्या बातमीदारासाठी

पंधरा दिवसांच्या अमेरिका दौऱ्यावरून आलेल्या मराठी बातमीदाराच्या लेखात हमखास तीन गोष्टी सापडतात: रस्ते रुंद, लोक हसतमुख, म्हातारी माणसं एकटी. यातलं काही खोटं नसतं, पण सगळं यजमानांच्या गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मराठीत त्या देशाची लोकस्थिती लिहिली, ती राज्यकारभार, घरसंसार, शाळा आणि स्त्रियांच्या संस्था अशी एकेक घेऊन. अमेरिका बघायची ती खरी रीत. गावाचा कारभार कसा चालतो हे आधी पाहावं, माणसांच्या स्वभावाबद्दलची मतं नंतर.

व्हिसाचं आधी उरकू. बातमीदारीसाठी ‘आय’ व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर जाऊन बातम्या पाठवणं नियमात बसत नाही, मग तो एक ‘छोटासा’ लेख का असेना. परिषदेला नुसते श्रोते म्हणून जाणार असाल आणि त्यावर काही पाठवणार नसाल, तर गोष्ट वेगळी. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलर शुल्क आणि मुंबईकरांसाठी बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत, असा क्रम असतो. सोबत संपादकांचं पत्र न्या. त्यात पद, कामाचा विषय आणि मुक्कामाचे दिवस स्पष्ट हवेत. मुक्त पत्रकारांचं घोडं बहुधा इथेच अडतं, कारण माध्यमसंस्थेशी केलेला लेखी करार दाखवावा लागतो. ‘लिहून पाठवा, बघू’ असा संपादकांचा निरोप करार ठरत नाही.

मग घड्याळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, एरवी साडेदहा. कॅलिफोर्निया त्याच्याही तीन तास मागे. शहर आवृत्तीचं शेवटचं पान रात्री बाराला सुटत असेल, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात. तिथली संध्याकाळी सातची सभा म्हणजे आपली पहाटेची साडेचार. अंक तोवर छापून गठ्ठे गाडीत चढलेले. म्हणून डेस्कला आधीच सांगून ठेवा: संध्याकाळची बातमी वेबसाइटला लगेच, छापील अंकाला एक दिवस उशिरा. छापील मजकुरात ‘काल’, ‘आज’ टाळून तारीखच लिहा, नाहीतर उपसंपादक झोपेच्या तारेत एक दिवस इकडचा तिकडे करतोच.

आता मुख्य काम. अमेरिकेत राज्यं ५० आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) तीन हजारांवर. कर, शाळा, पोलीस, दारूची वेळ, बंदुकीचा परवाना, सगळं या खालच्या पातळ्यांवर बदलत जातं. त्यामुळे ‘अमेरिकेत असं असतं’ हे वाक्य लिहिताना हात अडखळायला हवा. एखादं मध्यम गाव निवडा आणि तिथे चार दिवस काढा. पहिल्या दिवशी सार्वजनिक ग्रंथालयात जा. वायफाय फुकट, बसायला टेबल, स्थानिक वर्तमानपत्राचे जुने अंक आणि गावाची खडान्‌खडा माहिती असलेला ग्रंथपाल, एवढं सगळं एका छपराखाली मिळतं. परक्या बातमीदाराला यापेक्षा बरं ऑफिस नाही.

दुसऱ्या दिवशी नगर परिषदेची किंवा शाळा मंडळाची सभा गाठा. विषयपत्रिका आधी जाहीर होते. कॅलिफोर्नियात तर नियमित सभेच्या ७२ तास आधी ती लावावीच लागते, तसा १९५३ चा कायदा आहे. ती छापून घ्या, कारण सभेत ‘विषय क्रमांक सात’ म्हणून झरझर पुढे सरकतात आणि हातात कागद नसेल तर कशावर मतदान झालं तेही कळत नाही. नागरिकांच्या बोलण्याची वेळ वेगळी राखलेली असते. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, पुकारा झाला की माईकपाशी जायचं, मिनिटं दोन किंवा तीन. बऱ्याच सभागृहांत समोर घड्याळ उलटं धावत असतं आणि वेळ संपली की लाल दिवा लागतो. रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी कोणी आजी पत्र वाचावं तसा कागद वाचत असतात, सदस्य मान हलवतात, लाल दिवा लागतो, आजी वाक्य अर्धवट सोडून बसतात. अमेरिकन लोकशाहीचा चेहरा वॉशिंग्टनपेक्षा इथे जवळून दिसतो. सभा संपल्यावर दारापाशी उभे राहा. बोलून मोकळी झालेली माणसं तुमच्याशीही बोलतात.

तिसरा दिवस कागदांचा. घराची किंमत कुणाला विचारू नका, ते तिथे आगाऊपणाचं समजतात. काउंटीच्या मालमत्ता-नोंदींत, बहुतेक ठिकाणी घरबसल्या, मालक, करआकारणीचं मूल्य, वर्षाचा कर आणि पुष्कळदा शेवटच्या खरेदीचा आकडाही सापडतो. (टेक्सासमध्ये खरेदीची किंमत जाहीर करण्याची सक्ती नाही, तिथे हा मार्ग अर्धाच चालतो.) हा कर का पाहायचा? सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा वाटा त्यातून येतो. दोन शेजारच्या उपनगरांतल्या शाळांत जमीन-अस्मानाचा फरक का, ‘चांगल्या शाळेसाठी’ मराठी कुटुंबंही महागडं घर का घेतात, याचं उत्तर त्या एका पावतीत असतं.

आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो. अमेरिकेचा १९६६ चा केंद्रीय कायदा परदेशी माणसालाही अर्ज करू देतो. उत्तराची मुदत कामाचे २० दिवस, प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागतात; दौऱ्याच्या आधीच अर्ज टाका. राज्यांचे कायदे मात्र वेगळे आहेत. व्हर्जिनिया मुख्यतः आपल्या रहिवाशांनाच हा हक्क देतं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. अशा ठिकाणी स्थानिक बातमीदाराला सोबत घ्या.

बोलण्याबद्दल. ‘हाउ आर यू’ हा प्रश्न समजू नका, तो रामराम आहे. बसथांब्यावर अनोळखी माणूस तुम्हाला स्वतःच्या घटस्फोटाची कथा सांगेल, पण पगार विचारलात की ओठ मिटतील. मत कुणाला दिलं हे थेट विचारण्याआधी अंगणातल्या प्रचाराच्या पाट्या बघा. ‘ऑफ द रेकॉर्ड’ आणि ‘ऑन बॅकग्राउंड’ या अटी बोलण्याआधी ठरतात. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे छापायचं नाही. बॅकग्राउंड म्हणजे माहिती वापरा, नाव देऊ नका. उल्लेख कसा करायचा तेही तेव्हाच ठरवून घ्या. ध्वनिमुद्रणाला बहुतेक राज्यांत संभाषणातल्या एकाची संमती पुरते, पण कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन अशा राज्यांत खासगी बोलण्याला सगळ्यांची लागते. सोपा उपाय: रेकॉर्डर सुरू करून पहिलं वाक्य संमतीचं घ्या. आणि शाल-श्रीफळ घरीच ठेवा. तिथल्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला एका वेळी २० डॉलरपेक्षा महाग भेट सहसा घेता येत नाही. पैठणीच्या काठाची शाल पाहून बिचारा अवघडतो.

मुक्कामाचं एक पथ्य. १९८१ पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, गावोगावी मराठी मंडळं आहेत, पाहुणचाराला तोटा नाही. पहिले दोन दिवस तिथे जरूर काढा, नंतर गावातला मोटेल गाठा. पोहे-उपमा खात खात ऐकलेली अमेरिका बहुतेक आयटीतल्या माणसांची असते.

मोठी शहरं सोडली तर गाडीवाचून हाल. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. चौकात चारही बाजूंना ‘स्टॉप’ असेल तर आधी थांबलेला आधी जातो. हॉर्न वाजवून काही मिळत नाही. पिवळी शाळाबस लाल दिवे लावून उभी असेल तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरूनही थांबायचं. पोलिसाने थांबवलं तर गाडीतून उतरू नका, हात स्टिअरिंगवर दिसू द्या.

शेवटी हिशेब. मेन्यूतल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो; न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के वर चढतो, ओरेगॉनमध्ये शून्य. वर टिप १५ ते २० टक्के. ती ऐच्छिक म्हणतात, पण टिप मिळणाऱ्या कामगारांचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलंय, म्हणून न देणं बरं दिसत नाही. कार्डाने पैसे देताना टिप पावतीवर हाताने लिहायची असते, त्यामुळे छापील बिल ४० डॉलरचं आणि कार्डावरून गेलेले ४८, असा मेळ न बसणारा आकडा घरी येतो. लेखा विभाग नेमका इथेच पेन ठेवतो. सही केलेली चिठ्ठी हॉटेलकडे राहते. देण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.