मूलपेशींचा उपचार स्वीकारण्यापूर्वी तो कसा पारखावा

गुडघ्यातील कूर्चा झिजलेली असताना, पक्षाघाताने हात निकामी झालेला असताना किंवा नजर अधू होत चाललेली असताना कोणी 'स्टेम सेल' म्हणजेच मूलपेशींचा (नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशींचा) उपचार सुचवला, की रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा किंवा गुण येण्याच्या शक्यतेचा असतो. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा: माझ्या शरीरातील नेमकी कोणती ऊती नष्ट झाली आहे आणि दिल्या जाणाऱ्या पेशी तिथे जाऊन काय करणार आहेत? "पेशी शरीराची दुरुस्ती करतात" एवढेच ऐकायला मिळाले, तर प्रश्न अनुत्तरितच राहिला असे समजावे.

समाधानकारक उत्तर कसे असते, हे रिजनरेटिव्ह मेडिसिनच्या, म्हणजे निकामी ऊती नव्याने घडवू पाहणाऱ्या वैद्यकशाखेच्या, सर्वांत जुन्या यशावरून कळते. अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्त तयार करतात. रोगट मज्जा औषधांनी किंवा किरणोपचाराने नष्ट करून जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी शिरेतून दिल्या, की त्या मज्जेत पोहोचून रुजतात आणि पुन्हा रक्तच तयार करू लागतात. डॉ. डॉनल थॉमस यांनी 1950 च्या दशकात सुरू केलेल्या या कामाला 1990 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया अशा आजारांत हा उपचार आता प्रस्थापित आहे. त्वचेचेही तसेच आहे. जन्मजात जनुकदोषामुळे जर्मनीतील एका मुलाची बहुतेक त्वचा सोलवटून गेली होती. त्याच्याच त्वचेच्या पेशींत निर्दोष जनुक घालून वाढवलेली त्वचा 2015 मध्ये त्याच्या शरीराच्या सुमारे 80 टक्के भागावर बसवण्यात आली आणि ती टिकली. दोन्ही ठिकाणी पेशींना त्यांचे स्वाभाविक कामच करायला सांगितले होते. म्हणून एकाच प्रकारच्या पेशी गुडघेदुखी, पार्किन्सन आणि स्वमग्नता या सगळ्यांवर चालतात असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबावे.

"पेशी तुमच्याच आहेत, मग धोका कसला?" हा युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन वृद्ध स्त्रियांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी टोचण्यात आल्या. तिघींचीही दृष्टी गंभीररीत्या गेली, आणि 2017 मध्ये ही प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. याच्या शेजारी जपानचे उदाहरण ठेवून पाहावे. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या साध्या पेशींना मूलपेशींचे रूप देण्याची रीत शोधली आणि पुढच्या वर्षी मानवी पेशींवरही ती यशस्वी झाली. त्या रीतीने रुग्णाच्याच पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलामागील रंगद्रव्य पेशींचा थर 2014 मध्ये मासायो ताकाहाशी यांच्या चमूने एका स्त्रीच्या एकाच डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले, तेव्हा त्या वापरल्या गेल्या नाहीत. पेशी रुग्णाच्याच असूनही त्या तपासल्या गेल्या, म्हणूनच हे लक्षात आले. आपल्याला उपचार देऊ करणाऱ्यांना हेच विचारावे: शरीराबाहेर असताना पेशींवर कोणत्या प्रक्रिया होतात, कोणत्या तपासण्या होतात आणि एखादी तपासणी बिघडली तर काय करता?

पुरावा म्हणून बरे झालेल्या रुग्णांचे अनुभव दाखवले जातात. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही, पण सांधेदुखी मुळातच कमी-जास्त होत राहते आणि इंजेक्शनवरच्या विश्वासानेही ती कमी वाटू शकते. गुडघ्याच्या संधिवातात स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट्सचे इंजेक्शन, म्हणजे पीआरपी, फार लोकप्रिय आहे. 288 रुग्णांवरील ऑस्ट्रेलियातील चाचणीत, जिचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले, वर्षभरानंतर ते साध्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा वेदनेत किंवा कूर्चेच्या झिजेत लक्षणीय सरस ठरले नाही. तेव्हा तुलना कोणाशी केली होती, हे विचारल्याशिवाय कोणताही दावा मान्य करू नये.

उपचार अजून प्रायोगिक असेल, तर तो नोंदणीकृत क्लिनिकल ट्रायलमध्येच (रुग्णांवरील शास्त्रीय चाचणीतच) घ्यावा. नोंदणी क्रमांक मागून तो सार्वजनिक नोंदवहीत स्वतः पडताळावा. मात्र नुसत्या नोंदणीवर विसंबू नये, कारण नोंद म्हणजे मान्यता नव्हे. नियामक संस्थेची परवानगी आपल्याच आजारासाठी आहे का, हेही पाहावे. चाचणीच्या नावाखाली प्रायोगिक पेशींसाठीच मोठी रक्कम मागितली जात असेल, तर सावध व्हावे. संमतिपत्र घरी आणून सावकाश वाचावे आणि त्या अवयवाच्या, पण हा उपचार न विकणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावे. चालू असलेली औषधे, विशेषतः इन्सुलिन किंवा फिटांची गोळी, कोणाच्या आश्वासनावर बंद करू नयेत.

उपचार घेतलाच, तर पेशींचा प्रकार, त्यांचा स्रोत, संख्या, बॅच क्रमांक आणि त्या शरीरात नेमक्या कुठे सोडल्या याची लेखी नोंद त्याच दिवशी मागून घ्यावी. नको तिथे वाढलेल्या पेशींची गाठ काही वर्षांनीही दिसू शकते आणि तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना हा कागद लागेल.