वायुवीजनाच्या दोन यंत्रणांची तुलना कशी करावी: वीज, खर्च आणि कार्बनचा हिशेब

इमारतीतली हवा खेळती ठेवायला किती वीज लागते, असं विचारलं की बहुतेक जण पंख्याच्या मोटरवरची पाटी वाचतात. हिशेब चुकायला सुरुवात होते ती तिथेच. पंखा हवा ढकलतो त्याची वीज एक, आणि बाहेरून आलेली हवा आतल्याइतकी गार किंवा गरम करायला लागते ती ऊर्जा दुसरी. ही दुसरी पुष्कळदा पहिलीच्या कितीतरी पट भरते, पण दिसत नाही, कारण ती एसीच्या नाहीतर बॉयलरच्या बिलात जाऊन बसते.

चाळीस माणसांचं एक सभागृह घेऊ. एका बाजूला साधा एक्झॉस्ट पंखा: आतली हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा झरोक्यांतून आत येते. दुसऱ्या बाजूला हीट रिकव्हरी युनिट: आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा एकमेकींत न मिसळता शेजारून जाते आणि उष्णतेची देवाणघेवाण होते. कागद आणि कॅल्क्युलेटर पुरेत.

पायरी १: आधी हवा सारखी करा

दोन्ही यंत्रणा तितकीच ताजी हवा देत नसतील तर पुढचे सगळे आकडे फुकट. माणशी सेकंदाला १० लिटर धरलं तर चाळीस जणांना ४०० लिटर, म्हणजे ०.४ घनमीटर, तासाला १,४४० घनमीटर. दिवसाला १० तास, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २,५०० तास.

एका इमारतीच्या अहवालात वायुवीजनाची वीज निम्म्यावर आल्याबद्दल कौतुक लिहिलेलं मी पाहिलं होतं. गच्चीवर जाऊन पंख्याचं झाकण उघडलं तर पट्टा तुटून खाली पडलेला. मोटर रिकामीच फिरत होती. बचत खरी होती, हवा तेवढी नव्हती.

म्हणून मोजा. जाळीपाशी हवेचा वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर धरता आला तर उत्तम. नाहीतर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सेकंदाला १० लिटर ताज्या हवेत ती मिसळली की ५०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ५०० भागांची) भर पडते. बाहेरचे सुमारे ४२० मिळवले की ९२० च्या आसपास. (जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली खोलीतल्या हवेसाठी १,००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती, ती आजही चालते.) भरलेल्या सभागृहात तास-दोन तासांनी आकडा १,४०० वर स्थिरावत असेल, तर कागदावरच्या हवेच्या जेमतेम निम्मीच आत येते आहे.

पायरी २: पंख्याची वीज काढा

सेकंदाला एक घनमीटर हवा हलवायला किती किलोवॅट लागतात, हा आकडा पुरवठादाराकडून मागून घ्या. डक्ट, फिल्टर, जाळ्या यांचा रोध पास्कलमध्ये मोजतात. त्याला पंख्याच्या कार्यक्षमतेने भागलं की हाच आकडा वॉटमध्ये निघतो. साध्या एक्झॉस्टला ०.५ धरू. रिकव्हरी युनिटमध्ये पंखे दोन, शिवाय फिल्टर आणि एक्स्चेंजरचा, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण होते त्या भागाचा, रोध; तिथे २ धरू.

एक्झॉस्ट: ०.४ × ०.५ × २,५०० = ५०० युनिट (इथे आणि पुढे, विजेचं असो वा गॅसचं, एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास). रिकव्हरी: ०.४ × २ × २,५०० = २,००० युनिट. इथेच थांबलात तर एक्झॉस्ट चौपट चांगला ठरतो, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. १,५०० युनिटांचा हा फरक लक्षात ठेवा.

पायरी ३: हवा गार-गरम करण्याचा लोड काढा

एक घनमीटर हवेचं तापमान एक अंशाने बदलायला ०.३४ वॉट-तास लागतात. आपल्या १,४४० घनमीटरला गुणलं की आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे सुमारे ४९० वॉट. आता आपल्या हवामानातले तास आणि त्या तासांतला सरासरी फरक यांचा गुणाकार करा. रिकव्हरी, म्हणजे या लोडमधला वाचणारा वाटा, ७५ टक्के धरू. कॅटलॉगमध्ये याहून मोठे आकडे असतात, पण गळकी डक्ट आणि धुळीने भरलेले एक्स्चेंजर कॅटलॉग वाचत नाहीत.

थंड प्रदेश: १,५०० तास, सरासरी १२ अंशांचा फरक. लोड सुमारे ८,८०० युनिट, वाचतात ६,६००. गॅस बॉयलर ९० टक्के कार्यक्षम असेल तर गॅसचे ७,३५० युनिट वाचले. हीच उष्णता एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देणारा हीट पंप पुरवत असेल तर वाचतात फक्त २,२०० युनिट, आणि पंख्यांचे जादा १,५०० वजा केले की हातात उरतात ७००.

कोरडा उष्ण प्रदेश: २,००० तास, सरासरी ६ अंश. लोड ५,९००, वाचतात ४,४००. एसी एका युनिटात तिप्पट थंडावा देतो, म्हणजे विजेचे जवळपास १,४७० युनिट. पंख्यांनी जादा खाल्ले १,५००. महागडं युनिट बसवून बरोबरी, तीही होता होता राहिली!

दमट प्रदेशाचं गणित मात्र वेगळंच. बाहेर ३३ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, आत २५ अंश आणि ५० टक्के, अशी दुपार घ्या. तापमानाचा लोड ४ किलोवॅटच्या आत, पण हवेतली वाफ पाणी करून काढायला सुमारे ११ किलोवॅट. नुसती उष्णता परत मिळवणारं युनिट या ११ ला बहुतेक हातच लावत नाही. इथे वाफेचीही देवाणघेवाण करणारं, म्हणजे एन्थॅल्पी युनिट हवं. ते ६५ टक्के काम करत असेल तर एसीवरचे ३ किलोवॅटहून जास्त वाचतात आणि पंख्यांना जादा लागतात ०.६. तुमच्याकडे दमट दुपारी बऱ्याच असतील तर फार विचार करायला नको.

आणखी एक रकाना जरूर टाका: मागणीनुसार हवा. सभागृह अर्धं रिकामं असेल आणि कार्बन डायऑक्साइडच्या मीटरच्या इशाऱ्यावर हवा निम्मी केली, तर हवेचा लोड सरळ निम्मा. पंख्याची वीज वेगाच्या घनाने घटते, म्हणजे कागदावर आठवा हिस्सा. मी पाव धरतो, कारण मोटर मंद वेगात तेवढी कार्यक्षम राहत नाही. यंत्र बदलण्याआधी मी हाच उपाय तपासतो. बाहेरची हवा सुखद असते त्या तासांपुरत्या उघड्या खिडक्यांनाही असाच रकाना द्या.

पायरी ४: खर्च

बसवण्याचा खर्च, फिल्टर आणि देखभाल, ऊर्जेचं बिल: तिन्ही यंत्राच्या आयुष्यभराचे मांडा. थंड प्रदेशातलं गॅसचं उदाहरण घेतलं, तर विजेचं एक युनिट गॅसच्या तिप्पट महाग असताना जादा १,५०० युनिट म्हणजे गॅसच्या ४,५०० युनिटांइतका खर्च. वाचले ७,३५०, फायदा आहे. पाचपट महाग असेल तर ७,५०० होतात, आणि बिल उलट किंचित वाढतं. आपल्या बिलांवरचे दर घालूनच पाहा.

पायरी ५: कार्बन

गॅसच्या युनिटामागे साधारण ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड. ७,३५० युनिट वाचले म्हणजे १,४७० किलो वाचले. विजेच्या युनिटामागे ०.७ किलो असेल तर पंखे १,०५० किलो परत घेतात, निव्वळ बचत ४२० किलो. वीज ०.१ किलोची असेल तर १,३२० किलो. म्हणजे पाचपट महाग पण स्वच्छ वीज असलेल्या ठिकाणी हेच यंत्र बिल वाढवतं आणि कार्बन घटवतं. खर्च आणि कार्बनचे रकाने म्हणूनच एकमेकांत मिसळू नका.

पत्रा, डक्ट, मोटर घडवताना झालेलं उत्सर्जन वर्षांत वाटून घ्या. एसी किंवा हीट पंप असेल तर रेफ्रिजरंटच्या, म्हणजे यंत्रात फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या वायूच्या, गळतीचीही ओळ हवी. आर-४१०ए या रेफ्रिजरंटचा एक किलो हवेत गेला तर २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आर-३२ या दुसऱ्या रेफ्रिजरंटसाठी हा आकडा ६७५ आहे. आर-४१०ए चा तो एक किलो सुटला की वरचे गॅसचे १,४७० किलो एका फटक्यात गेले, आणि वर सहाशेचं कर्ज.