जुनी गाडी अजून बरीच वर्षं चालवायची आहे? मग या चुका टाळा

बारा-पंधरा वर्षांची गाडी ठेवायची की काढायची, हा विषय घरात निघाला की आधी ओडोमीटर बघितला जातो. 'साठ हजारच झालेत, अजून काही होत नाही हिला,' असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो. पहिली चूक इथेच होते. पिस्टन, क्रँक, गिअर यांची झीज किलोमीटरनं होते. पण रबरी पाइप, सील, बुश, टायर, कूलंट, ब्रेक ऑइल या गोष्टी वर्षांनी खराब होतात, मग गाडी रोज पळो की सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहो. जुनी गाडी रस्त्यात दगा देते ती बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या स्वस्त वस्तूमुळे.

'१५ वर्षं झाली, आता भंगारातच,' हाही गैरसमज आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीवर वयामुळे सरसकट बंदी नाही. आरटीओच्या तपासणीत गाडी पास झाली, पर्यावरण कर भरला, की आरसीचं ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्यामुळे मुदत जवळ आली म्हणून वर्षभर आधीपासून गाडीवरचा खर्च थांबवू नका. पासिंगच्या वेळी तेच अंगाशी येतं.

गाडी तापते: सगळ्यात महाग चुका इथे होतात

जुन्या गाड्यांची जेवढी इंजिनं उघडावी लागतात, त्यातल्या कितीतरींची सुरुवात रेडिएटरमध्ये ओतलेल्या साध्या पाण्यानं झालेली असते. बोअरच्या जड पाण्यानं आत क्षार साचतात, लोखंडी भाग गंजतात आणि तो गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट गोठण रोखण्यापुरतंच असतं आणि आपल्याकडे थंडी नाही, असं समजून लोक ते टाळतात. खरं तर गंज रोखणं आणि उकळबिंदू वाढवणं ही त्याची आपल्याकडची मुख्य कामं आहेत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं मिसळा, किंवा तयार मिश्रण घ्या. प्रकार मॅन्युअलमध्ये बघूनच निवडा. हिरवं, लाल, निळं हा नुसता रंग असतो, त्यावरून आतलं रसायन कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं. 'आपल्या हवेत त्याची गरजच नाही' हा सल्ला गॅरेजमध्ये अजून सर्रास मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिन ठरलेल्या तापमानाला ठेवतो. तो काढला की इंजिन नीट गरम होत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ते थंडच वाटतं, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. अॅव्हरेज पडतं, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. गाडी तापण्याचं मूळ कारण मात्र तसंच राहतं.

ते कारण शोधायला गाडी नेमकी कधी तापते हे बघा. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर, त्याच्या रिलेवर किंवा सेन्सरवर घ्या. गावात ठीक असते पण खंबाटकी किंवा कसारा चढताना तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंप दमलाय किंवा थर्मोस्टॅट अर्धवट अडकलाय. कूलंट कमी होतंय पण खाली थेंब दिसत नाही? पुढच्या सीटसमोरचं, पायाखालचं कार्पेट चाचपा, ते ओलं असेल आणि गोडसर वास येत असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. तेही कोरडं असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासायला हवं. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप टणक होणं, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणं, या त्याच्या खुणा.

आणि रेडिएटरचं झाकण! यंत्रणेत दाब टिकतो तो त्याच्या स्प्रिंगमुळे आणि रबरामुळे. दाब टिकला तरच कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. स्प्रिंग सैल पडली की घाटात कूलंट उकळून बाहेर येतं आणि लोक थेट रेडिएटर बदलतात. आधी योग्य दाबाचं नवं झाकण लावून बघा.

काटा वर गेलाच तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. झाकण गरम असताना उघडू नका, तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारू नका. 'पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ' या दोन-तीन किलोमीटरमध्ये अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. टोचन करून नेण्याचा खर्च हेड उतरवून घासून सपाट (फेस) करण्यापेक्षा कितीतरी कमी असतो. ज्या गाड्यांत काटा नसून फक्त लाल दिवा आहे, त्यांच्या मालकांनी कूलंटची पातळी दर आठवड्याला बघावीच. सगळं कूलंट गळून गेलं तर सेन्सर हवेत राहतो आणि दिवा वेळेवर लागेलच असं नाही.

अंदाजानं पार्ट बदलणं

चेक इंजिनचा दिवा लागतो, मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड पुसतो, दिवा जातो. ताप आला म्हणून थर्मामीटर झटकून ठेवावा, तसाच हा उपचार. चार दिवसांत दिवा परत येतो आणि मग सेन्सर बदलायला सुरुवात होते. कोड बिघडलेल्या पार्टचं नाव सांगत नाही. नेमकं कुठलं मोजमाप मर्यादेबाहेर गेलंय, तेवढंच तो सांगतो. 'पी ०१७१' म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सर तेच कळवत असतो, आणि आपण त्यालाच काढून फेकतो. जुन्या गाडीत याचं कारण बहुतेकदा तडकलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकची कडक झालेली गॅस्केट किंवा चोंदलेला फ्युएल फिल्टर असतं. कोड पुसण्याआधी लिहून घ्या, शक्य असेल तर त्या क्षणाचा साठवलेला डेटाही बघायला सांगा.

बॅटरीचंही तसंच. सकाळी स्टार्टर जड फिरला की लोक नवी बॅटरी आणतात. साध्या मल्टिमीटरनं आधी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. दोन्ही आकडे ठीक असूनही स्टार्टर जडच असेल, तर बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या अर्थिंगच्या वायरी बघा. पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीत ती टोकं हिरवी पडलेली असतात. काढून घासून परत घट्ट बसवली की 'अधूनमधून' होणाऱ्या कितीतरी तक्रारी संपतात.

पार्ट घेताना कंपनीचा खोकाच हवा असा हट्ट नको. जो पुरवठादार गाडीच्या कंपनीला माल देतो, त्याच्या स्वतःच्या खोक्यातला तोच पार्ट पुण्यात नाना पेठेत कमी दरात मिळू शकतो. कुर्ल्यातून जुना दरवाजा, आरसा, काच उचललीत तरी हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) यांत मात्र वापरलेला किंवा अनोळखी माल नकोच.

वर्ष बघून बदलायच्या गोष्टी

टायमिंग बेल्टवाल्या गाड्यांत (सँट्रो झिंग, जुनी वॅगनआर, डिझेल इंडिका) बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि शक्य तिथे वॉटर पंप त्याच वेळी बदला, कारण उघडण्याची मजुरी एकदाच पडते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. ओल शिरलेलं ऑइल लांब उतारावर उकळतं आणि पेडल खाली जातं. त्यात इंजिन किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकून थेंबभरही जाऊ देऊ नका, सगळी रबरं फुगतात.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर हायवेला नेऊ नये. स्टेपनीचेही आकडे बघा, ती बहुतेक गाडीबरोबरच आलेली असते.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. म्हणून फ्युएल पाइप आणि ओ-रिंग दर सर्व्हिसिंगला हातानं चाचपून बघायला लावा. पेट्रोलचा वास येत असेल तर ती गाडी त्या दिवशी चालवू नका.

ऑइलबद्दल एवढंच: गाडी जुनी झाली म्हणून आपण होऊन जाड ऑइल घालू नका, मॅन्युअलमधल्या ग्रेडला धरून राहा. डिपस्टिक आठवड्याला बघा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी दाखवत नाही.

'इंजिन काम मागतंय' असं कुणी म्हटलं तर

लगेच हो म्हणू नका. आधी धूर बघा. थोडा वेळ आयडलिंगवर ठेवून रेस केल्यावर निळ्या धुराचा एकच झोत आला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, आणि ते बदलायला इंजिन खाली उतरवावं लागत नाही. सतत, विशेषतः चढावर निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे बोट जातं. मग कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. ज्या सिलिंडरचा दाब कमी येतो त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब कमी असेल तर गॅस्केट त्यांच्या मधोमध फाटलेलं असण्याची शक्यता मोठी.

इंजिनापेक्षा मला पत्र्याची काळजी जास्त वाटते. अलिबाग, रत्नागिरी, मालवणच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांची तर फारच. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती मातीनं बुजली की दरवाजा आतून सडतो. पावसाळ्याआधी ती तारेनं मोकळी करा, वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. गंजावर थेट अंडरबॉडी कोटिंग मारू नका, आत अडकलेली ओल पत्रा खात राहते. गंज खरवडून, प्रायमर लावून मगच कोटिंग करा. इंजिन, गिअरबॉक्स, एसी बदलता येतो. पण जिथे सस्पेन्शन बॉडीला बसतं ती जागा आणि चॅसीचे खालचे पट्टे स्क्रूड्रायव्हरच्या टोचणीनं आत जायला लागले, तर त्या गाडीवर पुढचा पैसा घालू नका आणि ती कुणाला चालवायला विकूही नका.