मुक्त विद्यापीठाच्या पदवीवर एमसीए: अर्जापासून प्रवेशापर्यंत

इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही पदवी एमसीएला (संगणक उपयोजनातल्या पदव्युत्तर पदवीला) चालते का? चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२० च्या दूरस्थ शिक्षण नियमावलीतला नियम २२ सांगतो की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. या उमेदवारांचे अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा कागद वेळेत हाती न आल्यामुळे. राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, मार्चच्या आसपास होते, प्रवेशफेऱ्या पावसाळ्यात लागतात आणि मुक्त विद्यापीठाचे निकाल आपल्या चालीने येतात. त्यामुळे तयारी शेवटच्या सत्राच्या आधीच सुरू करावी.

पहिली पायरी: पात्रता तपासा

बीसीए किंवा संगणकशास्त्राची पदवी असेल तर प्रश्न नाही. बीएस्सी, बीकॉम किंवा बीए असेल तर बारावीला किंवा पदवीला गणित हवे, आणि प्रवेशानंतर विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ब्रिज कोर्स (मधली उणीव भरून काढणारा अभ्यासक्रम) करावा लागतो. खुल्या गटाला पदवीत किमान ५० टक्के, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के लागतात. ४९.९६ चे ५० कोणी करून देत नाही.

मुक्त विद्यापीठाच्या जुन्या पूर्वतयारी परीक्षेवरून, म्हणजे बारावी न करता, पदवीला गेलेल्यांनी इथेच थांबून राज्याच्या सीईटी कक्षाला लेखी विचारावे. अर्जात बारावीचे किंवा पदविकेचे गुण भरायचे असतात आणि तो रकाना मोकळा ठेवून पुढे जाता येत नाही. तीन वर्षांची तंत्रनिकेतनातली पदविका असेल तर बारावीची उणीव भरून निघते.

थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची माहिती कुठे दिसली तर ती जुनी समजा. २०२०-२१ पासून एमसीए दोन वर्षांचेच आहे.

दुसरी पायरी: मान्यतेची प्रत काढून ठेवा

यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग, म्हणजे डीईबी, कोणत्या संस्थेला कोणत्या सत्रासाठी कोणत्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे याच्या याद्या संकेतस्थळावर ठेवतो. तुम्ही पदवीला प्रवेश घेतला त्या सत्राची यादी उघडा, आपल्या अभ्यासक्रमाची ओळ शोधा आणि ते पान पीडीएफ करून जपा. विद्यापीठ मान्य असूनही एखादा अभ्यासक्रम त्या सत्रात यादीत नसतो, असे होते. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण विद्यापीठाच्या उमेदवारांकडे हे पान सहसा कोणी मागत नाही. खासगी किंवा परराज्यातल्या विद्यापीठाच्या दूरस्थ केंद्रातून शिकलेल्यांकडे मात्र हमखास मागतात.

तिसरी पायरी: गुणपत्रक 'पूर्ण' करून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. इग्नूचे ग्रेड कार्ड ऑनलाइन उघडा आणि एकेका विषयाची ओळ आडवी वाचत जा: आधी असाइनमेंटचे रकाने, मग लॅबचे, मग सत्रान्त परीक्षेचा, आणि शेवटी स्थितीचा. एखाद्या रकान्यात गुणांऐवजी नुसती रेघ असेल तर शेवटी 'नॉट कम्प्लिटेड' लिहिलेले दिसते, मग तुम्ही त्या पेपरात ८० गुण का मिळवलेले असेनात. बहुतेक वेळा अभ्यासकेंद्राकडून असाइनमेंटचे गुण पुढे गेलेलेच नसतात. आधी केंद्र समन्वयकांना भेटा, दाद लागली नाही तर मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या प्रादेशिक केंद्राला नोंदणी क्रमांक, विषयाचा कोड, सत्र आणि जमा केल्याची पावती जोडून लिहा. पावती नसेल तर काम दुपटीने लांबते, म्हणून असाइनमेंट देताना शिक्का मारलेली पोच घ्याच आणि उत्तरांची झेरॉक्सही ठेवा.

बीसीएच्या प्रकल्पाचे, म्हणजे बीसीएसपी-०६४ चे, गणित वेगळे आहे. आधी प्रस्ताव मंजूर होतो, मग अहवाल जातो, मग तोंडी परीक्षा होते, आणि प्रत्येक टप्प्याला वाट पाहावी लागते. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरच्या. ज्या पावसाळ्यात एमसीएला प्रवेश हवा, त्याच्या आधीच्या डिसेंबरपर्यंत शक्य ते सगळे पेपर आणि प्रकल्प उरकलेला बरा. जूनवर ठेवलात तर निकाल आणि कागदपडताळणी एकमेकांच्या अंगावर येतात.

गुणपत्रकावर टक्केवारीऐवजी सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर विद्यापीठाकडून रूपांतराचे पत्र किंवा सूत्र घ्या. ९.५ ने गुणण्याची सवय सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या पद्धतीची आहे, ती इथे लावू नका. अर्जातली टक्केवारी आणि पत्रातली टक्केवारी जुळली नाही की अर्ज परत येतो.

चौथी पायरी: सीईटी

एमएएच-एमसीए सीईटीत १०० प्रश्न, २०० गुण आणि ९० मिनिटे. गणित व संख्याशास्त्र ३०, तर्कबुद्धी ३०, इंग्रजी २०, संगणक संकल्पना २०, अशी प्रश्नांची विभागणी अलीकडे आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. दूरस्थ विद्यार्थ्यांचा संगणकाचा भाग सहसा ठीक असतो. अडतो तो गणितात, कारण मधे काही वर्षे गेलेली असतात. अकरावी-बारावीची संभाव्यता, निश्चयक (डिटर्मिनंट), त्रिकोणमिती आणि संच पुन्हा करावे लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही ही परीक्षा देता येते.

राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या (एनआयटी) एमसीएसाठी असलेल्या निमसेट या प्रवेश परीक्षेला ६० टक्क्यांची आणि पदवीतल्या गणिताची अट आहे, शिवाय पात्रतेत 'पूर्णवेळ' हा शब्द येतो. शुल्क भरण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतले दूरस्थ पदवीविषयीचे वाक्य वाचा.

पाचवी पायरी: नावे आणि दाखले

नोकरी, संसार सांभाळून शिकलेल्यांचे कागद वेगवेगळ्या काळातले असतात. दहावीला माहेरचे नाव, पदवीला सासरचे, आधारवर तिसरेच, हे अगदी नेहमीचे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत आधीच काढा. ओबीसी विवाहित महिला उमेदवाराचा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा असतो, आणि नॉन-क्रीमीलेअरही आईवडिलांच्या स्थितीवर ठरतो, नवऱ्याच्या पगारावर नाही. सेतू केंद्रात हे सांगावे लागते. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा चालू वर्षासाठी वैध दाखला आहे ना, ते बघा. जातवैधता प्रमाणपत्राला महिने लागतात.

शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला मुक्त विद्यापीठात अनेकदा मिळतच नाही. बारावीच्या कॉलेजचा दाखला आणि मुक्त विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र हे दोन्ही ठेवा. दाखला हरवला असेल तर प्रतिज्ञापत्रावर दुय्यम प्रत मिळते. शिक्षणात खंड असेल तर खंडाचे प्रतिज्ञापत्र, आणि 'आपले सरकार'वरून अधिवास प्रमाणपत्र.

सहावी पायरी: प्रवेशफेरी

सीईटीचा निकाल आला म्हणजे प्रवेश झाला असे नाही. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते, आणि ती राहून गेल्याने दरवर्षी चांगले गुण असलेले लोक बाहेर राहतात. कागदपडताळणी घरबसल्या किंवा सुविधा केंद्रावर जाऊन, असा पर्याय असेल तर दूरस्थ पदवीवाल्यांनी केंद्रावर जावे. समोरच्या अधिकाऱ्याला ग्रेड कार्ड आडवे वाचून दाखवता येते. घरबसल्या केलीत तर रोज लॉगिन करून अर्ज दुरुस्तीसाठी परत आला आहे का ते पाहा.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की नाव, गट, टक्केवारी तपासून चूक असल्यास हरकत नोंदवा. अंतिम यादीनंतर कोणी ऐकत नाही. पसंतीक्रम भरताना कॉलेज मनापासून हवे त्याच क्रमाने लिहा. माटुंग्याचे व्हीजेटीआय किंवा अंधेरीचे एसपीआयटी आपले पर्सेंटाइल कमी म्हणून यादीतून गाळू नका. वर लिहिल्याने खालच्या पसंतीचे काही बिघडत नाही. उलट गैरसोयीचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलेत आणि तेच मिळाले, तर पुढच्या फेरीत बदलायची सोय राहत नाही.

फीसवलतीवर भिस्त असेल तर कॅपबाहेरची, संस्थास्तरावरची जागा घेण्याआधी विचार करा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे, आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज प्रवेशानंतर तुम्हालाच भरायचा असतो.