स्टोमाची पिशवी लावून पोहायचे असेल, तर खरे काम आदल्या दिवशीचे

कोल्हापुरात पोहणे ही फी भरून शिकण्याची गोष्ट बऱ्याच उशिरा झाली. माझ्या वयाच्या अनेकांनी पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत हातपाय मारले, पंचगंगेच्या घाटावरून उड्या टाकल्या आणि मग केव्हातरी रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकवर रीतसर पोहायला सुरुवात केली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेले वीरधवल खाडे याच मातीतले. अशा गावात आतड्याची शस्त्रक्रिया होऊन पोटावर स्टोमा, म्हणजे मल बाहेर पिशवीत येण्यासाठी केलेले तोंड, आला आणि जो तो "आता पाण्याचे नाव काढू नका" असे सांगू लागला, तेव्हा शस्त्रक्रियेपेक्षाही ते वाक्य मला अधिक लागले. माझी इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचे टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणलेले आहे. गेली नऊ वर्षे मी पिशवी लावून आठवड्यातून तीन दिवस पोहतो आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्या सवयीतून आलेले आहे.

आधी एक भीती दूर करतो. पोहताना पाणी स्टोमातून पोटात शिरत नाही आणि तलावातल्या क्लोरीनच्या पाण्याने स्टोमाला इजा होत नाही. पिशवी स्वतः जलरोधकच असते. पाण्याला वाट मिळते ती फक्त एका ठिकाणी, त्वचेला चिकटणाऱ्या चकतीच्या कडेखालून. दुकानात आणि रुग्णालयात तिला फ्लँज म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. फ्लँज नीट बसली असेल तर बाकी सारे सोपे आहे, आणि ती नीट बसली नसेल तर कोणताही पोशाख, पट्टा किंवा टेप तुम्हाला वाचवू शकत नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये. टाके आणि जखमा पूर्ण भरून येण्यास साधारणपणे सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि उघडी जखम असताना सार्वजनिक तलावात उतरणे सर्वथा चूक आहे.

फ्लँज बसवणे

पहिल्यांदा पोहायला गेलो तेव्हा मी सर्वांचा सल्ला ऐकला होता. "ताजी पिशवी लावून जा, म्हणजे घट्ट राहील." म्हणून कपडे बदलण्याच्या खोलीत, दमट हवेत, घाईघाईने नवी पिशवी लावली, तिच्या चारही बाजूंनी टेप मारली आणि पाच मिनिटांत पाण्यात उतरलो. वीस मिनिटांनी कडा उचलली गेली आणि मला टॉवेल गुंडाळून बाहेर पळावे लागले. त्यानंतर दोन महिने मी तलावाकडे फिरकलो नाही. ते दोन महिने वाया गेले ते केवळ चुकीच्या सल्ल्यामुळे, म्हणून हा टप्पा मी सविस्तर सांगणार आहे.

फ्लँजचा चिकट थर लावल्याक्षणी पूर्ण पकडत नाही. शरीराच्या उबेने तो हळूहळू मऊ होतो, त्वचेच्या बारीक रेषांत बसतो आणि काही तासांनी त्याची पकड पक्की होते. किमान एक तास थांबा असे सांगितले जाते. पोहण्यासाठी एक तास मला अजिबात पुरेसा वाटत नाही. आदल्या रात्री पिशवी बदला असेही पुष्कळ जण सांगतात. कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा, असणाऱ्यांना ते जमू शकते, पण इलिओस्टोमीत रात्रीच्या जेवणानंतर स्टोमा सतत वाहत असतो आणि त्वचा कोरडी राहूच देत नाही. माझा ठाम नियम असा आहे: उद्या सकाळी पोहायचे असेल तर आज सकाळी, चहासुद्धा घेण्याआधी, अनशापोटी पिशवी बदलायची. त्या वेळी स्टोमा सर्वांत शांत असतो. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरताना फ्लँज एक दिवसाची झालेली असते आणि तीच तिची उत्तम अवस्था असते. तीन-चार दिवस वापरलेली फ्लँज घेऊन मात्र पाण्यात उतरू नये.

बदलताना आधी मोजमाप घ्या. शस्त्रक्रियेनंतरचे सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते आणि तो लहान होत जातो. तरीही रुग्णालयातून मिळालेल्या पहिल्या मापानेच वर्षभर छिद्र कापणारी माणसे मी पाहिली आहेत. फ्लँजचे छिद्र स्टोमापेक्षा दोन ते तीन मिलिमीटरच मोठे असावे. ते याहून मोठे राहिले तर उघड्या त्वचेवर पातळ मल साचतो, आणि लहान आतड्यातून येणाऱ्या मलात पाचकरस असल्यामुळे ती त्वचा अक्षरशः भाजल्यासारखी होते. सोललेली, ओलसर त्वचा कोणत्याही फ्लँजला धरून ठेवत नाही.

त्वचा कोमट पाण्याने आणि मऊ सुती कापडाने पुसा. साबण नको, आणि लावलाच तर तेल किंवा सुगंध नसलेला लावून पूर्ण धुऊन काढा. ओल्या सुगंधी पुसण्या, खोबरेल, तूप, हळद, अंगाला लावायची पावडर यांपैकी काहीही तिथे लावू नका. घरातली वडीलधारी माणसे मायेने सांगतात, "जरा खोबरेल लाव, त्वचा मऊ राहील." त्यांचे मन न दुखवता नाही म्हणावे, कारण तेलाचा पुसटसा थरसुद्धा चिकटपणा संपवतो. त्वचा ओलसर सोललेली असेल तर स्टोमासाठीची खास पावडर तेवढ्याच भागावर भुरभुरावी आणि जादाची झटकून टाकावी. केस असतील तर ते यंत्राने बारीक करावेत. मग त्वचा टिपून कोरडी करा आणि पंख्याखाली दोन-तीन मिनिटे तसेच थांबा. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत इतका ओलावा असतो की पुसलेली त्वचा कोरडी वाटते, पण तशी नसते. त्या दिवसांत मी केस वाळवण्याचे यंत्र गार हवेवर ठेवून वापरतो. गरम हवा स्टोमावर कधीही सोडू नये, कारण स्टोमाला वेदना कळत नाहीत आणि भाजलेले लक्षातही येत नाही.

इतके सारे नीट करूनही माझी फ्लँज पाण्यात सुटत होती, आणि कारण शोधायला मला बराच काळ लागला. ते सापडले काढलेल्या फ्लँजच्या मागच्या बाजूला. जुनी फ्लँज लगेच फेकून न देता तिचा चिकट थर उजेडात पाहा. तो जिथे विरघळलेला, पांढरट किंवा खरकटलेला दिसतो तिथूनच गळती सुरू होते. माझ्या प्रत्येक फ्लँजवर ती जागा एकच होती, घड्याळाचा काटा नऊवर असतो तिथे. उभा राहून आरशात पाहिले तर तिथे काहीच दिसत नव्हते. खुर्चीवर बसून, पुढे वाकून पाहिले तेव्हा स्टोमापासून बाजूला जाणारी एक खोल घडी दिसली. तलावाच्या शिडीवर पाय वर घेताना आणि पाण्यात पाय मारताना तीच घडी उघडमीट होत असणार. म्हणून माझा आग्रह आहे की फ्लँज लावण्याआधी स्वतःचे पोट उभे, बसून आणि वाकून अशा तिन्ही स्थितींत पाहा. घडी सापडल्यावर तिथे मऊ चिकट कडीचा, म्हणजे बॅरिअर रिंगचा, छोटा तुकडा बोटाने दाबून बसवला आणि पृष्ठभाग सपाट केला, तेव्हापासून माझी गळती थांबली. स्टोमा त्वचेच्या पातळीला किंवा आत गेलेला असेल तर साध्या सपाट फ्लँजऐवजी फुगीर, म्हणजे कॉन्व्हेक्स फ्लँज लागते. ती मात्र स्वतःच्या मनाने न घेता स्टोमाची परिचारिका किंवा डॉक्टर यांना दाखवून ठरवावी.

याच ठिकाणी फ्लँजखाली लावायच्या स्टोमा-पेस्टविषयीचा गैरसमज सांगतो. ती डिंक नव्हे. भिंतीतली भेग भरायला लांबी लावतात तशी ती खाचा भरण्यासाठी असते. भरपूर पेस्ट म्हणजे भरपूर पकड असे समजून फ्लँजभर थापली, तर त्वचा आणि फ्लँज यांच्यामध्येच एक निसरडा थर तयार होतो.

लावण्यापूर्वी फ्लँज काही मिनिटे काखेत किंवा दोन तळहातांमध्ये धरून उबदार करा. उभे राहून, पोटाची त्वचा हलकी ताणून ती बसवा, स्टोमालगतच्या भागापासून बाहेरच्या कडेकडे बोट फिरवत दाबा आणि मग त्यावर तळहात ठेवून दहा मिनिटे शांत पडून राहा. घाईच्या माणसाला ही दहा मिनिटे सर्वांत जड जातात, आणि नेमकी तीच कोणी पाळत नाही.

टेपबद्दल माझे मत कडक आहे. चारही बाजूंनी जलरोधक टेपचे थर चढवले की घाम आणि शिरलेले पाणी आतच कोंडते, कडा कुठे सुटली ते दिसत नाही आणि टेप ओढून काढताना त्वचा सोलली जाते. जास्तीचा आधार हवाच असेल तर फ्लँजच्या कडेवर बसणाऱ्या अर्धचंद्राकृती पट्ट्या मिळतात, त्या वापराव्यात. त्या फ्लँजच्याच जातीच्या द्रव्याच्या असतात आणि त्वचेबरोबर वाकतात. पोटाभोवती प्लास्टिक गुंडाळण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो विसरून जावा.

घरची परीक्षा

तलावावर जाण्याआधी घरीच एकदा पाण्यात बसून पाहावे. आपल्याकडे बाथटब क्वचित असतो, पण कंबरेपर्यंत पाणी येईल असा मोठा प्लास्टिकचा टब पुरतो. कोमट पाण्यात अर्धा तास बसा, मधूनमधून पुढे वाका, पाय हलवा. पाणी गरम नसावे, कारण उष्णतेने चिकट थर लवकर विरघळतो. कडा टिकली तर तलावातही टिकेल.

खाणे आणि पाणी

उपाशी राहून पोहायला जाण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, आणि पाणी तोडण्याचा त्याहून अधिक. मोठे आतडे वापरात नसल्यामुळे इलिओस्टोमी असलेल्या माणसाच्या शरीरातून पाणी आणि मीठ वेगाने बाहेर जाते. पोहताना घाम जाणवत नाही, पण तो येतच असतो. मी दोन-अडीच तास आधी मऊ भात आणि केळे खातो, त्याने मल घट्ट होतो. कटाची मिसळ आणि फसफसणारी शीतपेये त्या सकाळी वर्ज्य. पोहून आल्यावर पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात कालवलेले ओआरएस घोट घोट प्यावे. लघवी कमी आणि गडद होणे, तोंड कोरडे पडणे, उठल्यावर अंधारी येणे ही लक्षणे दिसली तर त्या दिवशी पोहणे रद्द करावे. डाव्या बाजूची कोलोस्टोमी असलेल्या काही जणांना परिचारिकेकडून इरिगेशन, म्हणजे स्टोमातून पाणी सोडून आतडे रिकामे करणे, शिकून घेता येते आणि पोहताना स्टोमावर केवळ लहान टोपी लावता येते. युरोस्टोमी, म्हणजे लघवीसाठी केलेला स्टोमा, असणाऱ्यांनी पाण्यात उतरण्याच्या अगदी आधी पिशवी रिकामी करून तोटी बंद आहे ना ते पाहावे.

तलावावर

पिशवी रिकामी करा. वायू बाहेर सोडणारे गाळणीचे छिद्र पिशवीसोबत येणाऱ्या छोट्या स्टिकरने झाका, कारण गाळणी भिजली की काम करत नाही. बाहेर आल्यावर स्टिकर काढा. पोशाख गडद रंगाचा, उंच कंबरेचा आणि अंगाला बेताचा घट्ट असावा. स्त्रियांना नक्षीचा किंवा झालरीचा पोशाख सोयीचा पडतो. पहिल्या दिवशी शिडीने उतरा, सूर मारू नका, वीस मिनिटांत बाहेर या. सोबत जादा पिशवी, आधीच कापलेली फ्लँज, मऊ कापड आणि कचऱ्यासाठी एक बंद पिशवी ठेवा.

मला एका तलावावर "इतरांना संसर्ग होईल" असे म्हणून परत पाठवले होते. स्टोमा हा संसर्गजन्य आजार नव्हे आणि बंद पिशवीतून पाण्यात काही मिसळत नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांचे दोन ओळींचे पत्र घेऊन गेलो आणि प्रश्न मिटला. ते पत्र सुरुवातीलाच घेऊन ठेवावे, म्हणजे चारचौघांत पोट दाखवून समजावण्याची वेळ येत नाही.

पंचगंगा, रंकाळा आणि उघड्या विहिरी यांपासून मात्र मी आता दूर राहतो. लहानपणीचे पाणी तिथे राहिलेले नाही.

बाहेर आल्यावर पिशवीचे मागचे कापड टिपून कोरडे करा, अन्यथा ते त्वचेला लागून पुरळ येतो. फ्लँजची कडा पांढरी पडली असेल किंवा गुंडाळली गेली असेल तर बदला, नसेल तर उगाच काढू नका. वारंवार काढण्यानेच त्वचा सर्वांत जास्त खराब होते.

पोहण्याव्यतिरिक्त

चालणे रुग्णालयातून घरी आल्यावर लगेच सुरू करता येते. मी रंकाळ्याच्या काठाने चालत सुरुवात केली आणि तीन महिन्यांनी जोतिबाच्या पायऱ्या चढलो. सायकलही डॉक्टरांच्या परवानगीनंतर चालते. काळजी घ्यायची ती वजनाची आणि पोटावर ताण देणाऱ्या व्यायामाची. आपल्याकडे प्रत्येक पेठेत तालीम आहे आणि "बरा झालास ना, मग जोर मार" असे म्हणणारे मित्रही आहेत. स्टोमासाठी पोटाच्या स्नायूंतून वाट केलेली असते. तिथे अकाली ताण पडला तर स्टोमाच्या बाजूने आतडे फुगून हर्निया होतो. पहिले तीन महिने भरलेली घागर, गॅसची टाकी आणि पोटाचे जड व्यायाम टाळा. नंतरही वजन उचलताना श्वास रोखून धरू नका, तो सोडत उचला, आणि स्टोमासाठी मिळणारा आधारपट्टा मापाने घ्या. उभे राहून खोकताना स्टोमाशेजारी नवा फुगवटा जाणवला तर व्यायाम थांबवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पोटात कळा येऊन, उलट्या होऊन पिशवी कित्येक तास रिकामीच राहिली किंवा स्टोमाचा लाल रंग जांभळा-काळा दिसू लागला, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.