पेपर अंथरूनही तण माजतंय? आच्छादनाच्या या चुका टाळा

मे महिन्यात कुंपणाकडेला रद्दी पेपर अंथरले, वर पालापाचोळा पसरला आणि जुलैत बघावं तर पेपरचा लगदा, तण गुडघाभर. ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायटीच्या बागांत आणि रो-हाउसच्या अंगणांत ही नेहमीची रड. मग ‘मल्चिंगने (म्हणजे माती अशी झाकून) काही होत नाही’ असा निकाल लागतो. होतं की! पण आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्याचा हिशोब आधी धरावा लागतो.

सगळ्यात मोठी घोडचूक म्हणजे तण न ओळखताच झाकून टाकणं. टाकळा, गाजरगवत दरवर्षी बियांपासून उगवतात. कोवळ्या रोपांना उजेड मिळाला नाही की ती तिथेच संपतात. लव्हाळ्याचं तसं नाही. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्याचा टोकदार कोंब काळं प्लास्टिकसुद्धा भोसकून वर येतो. पाती उपटली तर गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. त्यामुळे आधी खुरप्याने खोल खणून गाठी वेचायच्या, त्या कचऱ्यात टाकायच्या (कंपोस्टमध्ये मुळीच नाही), मगच आच्छादन. हराळीच्या काड्यांनाही हाच न्याय.

पेपरचे दोन-तीन पदर पुरत नाहीत. आठ-दहा पदर घ्या, कडा वीतभर एकमेकांवर चढवा, माती आणि पेपर दोन्ही भिजवा आणि लगेच वर पाला घाला. कोरडा पेपर खाडीच्या वाऱ्यावर शेजाऱ्यांकडे जातो, ते वेगळंच. पुठ्ठा जास्त टिकतो, मात्र चिकटपट्टी आणि पिना काढून टाका. गुळगुळीत रंगीत मासिकं नकोत. पावसाळ्यात महिन्याभराने हात घालून बघा, जिथे भोक पडलंय तिथे नवा तुकडा सरकवा. एकदा अंथरून सुटका होत नाही.

पाल्यातही फरक आहे. देशी बदामाची मोठी पानं अख्खी टाकली तर कौलांसारखी बसतात आणि पाणी बाजूला वाहून जातं. चुरडून टाका.

रसवंतीवरचा उसाचा चोथा तसाच आणला तर मुंग्यांची जत्रा भरते. धुऊन कडक उन्हात वाळवा. दूध-साखरेच्या चहाचा चोथा आणि भाजीची देठं उघड्यावर पसरू नका, घुशी येतात. नारळाच्या शेंड्या सोडवून पसरल्या तर उत्तम, पण शहाळ्याची अर्धी कापलेली सालं उताणी ठेवलीत तर तुम्ही डासांची पैदासच करताय. तीही डेंग्यूच्या मोसमात.

जुना फ्लेक्स? माझं मत स्पष्ट आहे: झाडांभोवती नकोच. खालची माती तापते, पाणी मुरत नाही.

आच्छादन खोडाला कधीही टेकवू नका. चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर पावसात बुंधा कुजतो. उन्हाळ्यात तीन-चार इंच थर चालतो, पावसाळ्यात दीड-दोन इंच पुरे. जाड ओल्या थराखाली आफ्रिकन गोगलगायी दडतात. त्या दिसल्याच तर संध्याकाळी वाफ्याशेजारी ओलं गोणपाट टाकून ठेवा, सकाळी उचलून खाली जमलेल्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घालूनच, त्यांच्यातून माणसाला रोग करणारे जंत येऊ शकतात.