ऊस एकच, उंची वेगळी: भिन्नता मोजायला शिकताना

प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिताना सुरुवात माझ्या फसलेल्या प्रकल्पापासून केलेली बरी. विषय होता सजीवांमधील भिन्नता. करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमचे उसाचे रान आहे. तिथे मी दोनशे उसांची उंची आणि जाडी मोजली, सुबक आलेख काढला आणि या भिन्नतेवर नैसर्गिक निवड कशी काम करील याविषयी दोन पाने भरली. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी आलेख बाजूला ठेवून एवढेच विचारले, "बेणे कोणते?" मी म्हणाले, "सगळे 86032 या एकाच वाणाचे." "मग यात निवडायला आहे काय?"

उत्तर वडिलांनाही देता आले असते. ऊस टिपरीपासून लावतात आणि टिपरीवरच्या डोळ्यातून फुटणारा कोंब आनुवंशिकदृष्ट्या मूळ उसाची प्रतच असतो. पाटाजवळचा ऊस उंच आणि चोपण जमिनीतला खुरटा, हा फरक पाण्याचा आणि जमिनीचा. उंच उसाचे बेणे चोपणात लावले तर पुढच्या हंगामात तेही खुरटेच राहणार. (रसरशीत बेणे निवडावे हे खरे, पण ते उगवण चांगली व्हावी म्हणून.) डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसन यांनी 1903 मध्ये घेवड्यावर हेच दाखवले होते: स्वपरागित झाडाच्या एकाच शुद्ध वंशातले, म्हणजे आनुवंशिकदृष्ट्या सारखेच असलेले, मोठे दाणे पेरले काय आणि लहान पेरले काय, पुढच्या पिढीच्या दाण्यांची सरासरी तीच राहिली. 'जीन' हा शब्दही त्यांनीच 1909 मध्ये रूढ केला. हा प्रयोग मी अभ्यासला होता, परीक्षेत लिहिलाही होता. आमच्या रानाशी मात्र त्याचा संबंध कधी जोडला नव्हता.

याच एकसारखेपणाची दुसरी बाजू उत्तर प्रदेशात दिसली. तिथे को 0238 हा एकच वाण फार मोठ्या क्षेत्रावर पसरला आणि लाल कूज रोगाने त्याला गाठल्यावर शेतात तग धरणारा वेगळा ऊस शोधायला जागाच उरली नाही. नवा वाण हवा तर उसाला तुरा आणून संकर करावा लागतो, कारण बीजापासून आलेले प्रत्येक रोप जनुकांच्या नव्या जुळणीमुळे दुसऱ्याहून निराळे असते. त्या जुळणीला लागणारे मूळ भेद मात्र उत्परिवर्तनातूनच, म्हणजे जनुकांत होणाऱ्या बदलांतूनच, येतात.

असा आनुवंशिक फरक हाताशी असला म्हणजे काय होते, हे जीवशास्त्रज्ञ पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी गालापागोसमधील डॅफ्ने मेजर या बेटावर मोजले. 1977 च्या दुष्काळात लहान मऊ बिया संपल्या, टणक बिया फोडू शकणाऱ्या जाड चोचीच्या फिंच पक्ष्यांपैकी अधिक जण वाचले आणि त्यांच्या पिल्लांच्या चोचीही सरासरीने जाड निघाल्या. या सगळ्यात पिल्लांची मोजणी सर्वांत महत्त्वाची, आणि माझ्या प्रकल्पात नेमकी तीच नव्हती.

दुसऱ्या प्रयत्नात मी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून आणलेल्या मुगातले भुंगेरे घेतले. त्यांची पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते आणि प्रौढांना खाऊ घालावे लागत नाही, त्यामुळे खर्च जवळजवळ शून्य. अंडी दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. दर दाण्यावर एकच ठेवून बाकीची सुईने खरवडून काढावीत, नाहीतर एका दाण्यात अळ्यांची दाटी होऊन किडे लहान निघतात आणि उसाचीच चूक पुन्हा होते. प्रत्येक दाणा वेगळ्या नळीत ठेवला की बाहेर येणारा किडा कोणाशी जुळलेला नसतो, म्हणून जोडी लावल्यावर पिल्लांचे आईबाप कोण हे नक्की कळते. पंखावरणाची (पाठीवरच्या कडक पंखाची) लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजताना काही किडे दुसऱ्या दिवशी पहिला आकडा न पाहता पुन्हा मोजावेत. माझ्या दोन मोजण्यांतला फरक पाहून मी पहिल्या आठवड्याची वही बाद केली. नर आणि मादी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. फार मोठा किंवा फार लहान आकडा आला की तो चुकीचा समजून खोडण्याचा मोह होतो; तेव्हा आकडा तसाच राहू द्यावा आणि तोच किडा पुन्हा मोजावा, म्हणून मोजलेला किडा लगेच टाकून देऊ नये.